टाकीचं छप्पर: पावसाळ्याला काच, मे महिन्याला जाळी

पत्र: आम्ही मालवणजवळच्या एका वाडीत राहतो. मुलगा पाचवीत आहे. त्याच्या हट्टापायी गेल्या दिवाळीत तीन फुटी फिशटँक घेतला. सहा गुरामी आणि आठ मॉली आहेत. टाकीवरचं प्लास्टिकचं झाकण पहिल्या उन्हाळ्यातच तडकलं. तेव्हापासून मिस्टरांनी प्लायवूडचा तुकडा टाकला होता. तो फुगला, खालून काळा पडला, म्हणून काढून ठेवला. गेल्या मंगळवारी टाकीचं सगळं पाणी बदललं आणि गुरुवारी सकाळी मोठा गुरामी कपाटाखाली सुकलेला मिळाला. मुलगा दोन दिवस जेवला नाही. कुडाळच्या काचवाल्याला मी मोबाइलवरचा फोटो दाखवला, तर तो म्हणाला, "असली भोकं न् खाचे मी नाय मारणार, काच फुटता." कोणी ॲक्रिलिक सांगतं. सासरे म्हणतात, "झाकण घातलास तर मासे गुदमारतले." काय करू? सोबत टाकीचा फोटो पाठवते.

ताई,

आधी आज रात्रीपुरतं सांगतो. घरात जुनी मच्छरदाणी असेल तर तिचा टाकीहून वीतभर मोठा तुकडा कापा, टाकीवर ताणून पसरा आणि काठाखाली चारी बाजूंनी नाडीने घट्ट बांधा. मध्ये झोळ राहू देऊ नका, नाहीतर जाळी पाण्याला टेकते. तेवढ्यावर तुमचे आठ-दहा दिवस निभतील. तो प्लायवूड मात्र परत ठेवू नका. प्लायच्या थरांमध्ये डिंक असतो, वाळवी लागू नये म्हणून औषधही मारलेलं असतं. ओल्या हवेत प्लाय फुगला की त्यातून जे झिरपतं ते थेट माशांच्या पाण्यात पडतं.

मुलाचं वाचून वाईट वाटलं. त्याला सांगा, यात त्याची काही चूक नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे कसे शेतात चढतात, पाण्याच्या लोंढ्याविरुद्ध बांधावरून कशी झेप घेतात, हे त्याच्या आजोबांनी बघितलेलं असेल. पाणी बदललं, नवं पाणी आलं, की दुसरी जागा शोधायला निघायचं, हे माशाच्या अंगातच असतं. काचेच्या टाकीत तो निघाला तर जमिनीवरच पडणार. तुम्ही मंगळवारी सगळं पाणी बदललंत आणि गुरुवारी मासा बाहेर पडला, यातला संबंध मला उघड दिसतो. यापुढे एका वेळी चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा पाणी बदला. आणि विहिरीचं पाणी घेत असाल तर ग्रामपंचायतीने त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कधी टाकलं ते विचारून घ्या. पावसाळ्यात टाकतातच. त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले भाजतो. ते पाणी उघड्या बादलीत दोन दिवस ठेवून मगच टाकीत घाला.

आता झाकणाकडे येतो. त्याआधी तुमच्या सासऱ्यांच्या म्हणण्याबद्दल लिहितो, कारण ते म्हणणं मला अर्धं पटतं.

फोटोवरून तुमची टाकी ३६ बाय १२ बाय १५ इंचांची धरली. पाणी काठाच्या तीन इंच खाली ठेवलं तर साधारण ८० लिटर होतं. आपल्या हवामानात पाण्याच्या एका लिटरमध्ये ७ ते ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे अख्ख्या टाकीच्या पाण्यात तो ०.६ ग्रॅमच्या आसपास. हवेच्या एका लिटरमध्ये मात्र सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. पाणी आणि झाकण यांच्यामध्ये दोन इंचांची मोकळी जागा ठेवली तर तिथे १३ लिटरच्या आसपास हवा राहते आणि तिच्यात साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन. झाकणाखालच्या त्या एवढ्याशा पोकळीत सगळ्या टाकीच्या पाण्यापेक्षा पाच-सहा पट जास्त! शिवाय फटीतून हवा येत-जात राहतेच. तेव्हा बुडबुडे चालू असले, पाण्याचा पृष्ठभाग हलता असला, की काचेच्या झाकणाने मासे गुदमरत नाहीत. तुमच्या गुरामीला तर ती पोकळी हवीच. तो कल्ल्यांखेरीज वर येऊन तोंडाने हवा घेतो आणि डोक्यातल्या एका खास अवयवात ती साठवतो. झाकण पाण्याला चिकटून असेल तर त्याचा खरोखर जीव जाईल.

सासऱ्यांचं बरोबर कुठे आहे तर लाइट जाण्याबाबत. आषाढात आपल्याकडे झाड पडलं की चार-चार तास वीज नसते. पंप बंद, पाणी स्तब्ध, वर बंद झाकण आणि खाली चौदा मासे. अशा वेळी एक काच उचलून ठेवायची आणि जागेवर जाळी घालायची. सेलवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, तो एक घेऊन ठेवा. आणि सासऱ्यांना सांगा की झाकण हवाबंद डब्यासारखं बसवणार नाही, छपरासारखं बसवणार आहे.

छप्पर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कोकणातल्या घराला उतार नसलेलं छप्पर कोणी घालत नाही आणि पागोळ्या कुठे पडणार हे ठरवल्याशिवाय सुतार वासा चढवत नाही. टाकीचंही तसंच. पाण्याची वाफ वर जाते, काचेच्या खालच्या अंगाला थेंब धरते. तो थेंब पुढे कुठे जाणार, हे आधी ठरवायला हवं. बाजारातली बरीच झाकणं काठाच्या बाहेर येतात. त्यांचा थेंब काठावरून बाहेर ओघळतो, टाकीखालच्या टेबलात मुरतो, आणि दोन पावसाळ्यांत टेबलाचा पाय कुजतो. तुमची काच काठाच्या आत बसली पाहिजे. मग पाण्याचा प्रत्येक थेंब पाण्यातच पडतो.

फोटोत टाकीच्या मधोमध एक आडवी काचेची पट्टी दिसते, काठापासून बोटभर खाली. फार बरं झालं. टाकीच्या लांब बाजू पाण्याच्या दाबाने फुगू नयेत म्हणून ती लावलेली आहे, ती कधीही काढायची नाही. पण आपल्या झाकणाला ती आयती तुळई मिळाली. एक तीन फुटी काच करण्याऐवजी दीड-दीड फुटाच्या दोन काचा करा. दोघींचं एकेक टोक त्या पट्टीवर, दुसरं टोक टाकीच्या आखूड भिंतीला चिकटवलेल्या दोन छोट्या तुकड्यांवर. एकूण चार तुकडे लागतील, इंच बाय दीड इंच. काचवाल्याकडे कापलेल्या काचांच्या कडा पडलेल्याच असतात.

उतार असा द्यायचा: ते चार तुकडे मधल्या पट्टीच्या पातळीपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली चिकटवायचे. म्हणजे दोन्ही काचा मधून बाहेर, आपापल्या भिंतीकडे किंचित कलतील. मध्ये आढं, दोन्हीकडे उतार. थेंब घसरत भिंतीपर्यंत जातो आणि भिंतीवरून पाण्यात. सपाट काचेवर थेंब जागच्या जागी लोंबतात, खालून दव धरल्यासारखी काच पांढुरकी दिसते आणि मासे दिसत नाहीत. दोन सुतांच्या उताराने हा त्रास बराच कमी होतो.

माप घेताना घाई करू नका. काचवाल्याने "माप काय?" विचारल्यावर आपण टाकीचं बाहेरचं माप सांगतो आणि घरी आल्यावर काच बसत नाही. तुम्हाला आतलं माप हवं, तेही झाकण बसणार त्या पातळीवरचं. आपल्याकडच्या टाक्या हाताने जोडलेल्या असतात. एका टोकाला आतली रुंदी साडेअकरा इंच भरेल, दुसऱ्या टोकाला त्यात एक सूत कमी. प्रत्येक बाजूसाठी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान माप धरा. कोपऱ्यात सिलिकॉनची गोळी पुढे आलेली असते, ती विसरू नका. त्या मापातून प्रत्येक बाजूला एक सूत मोकळं सोडा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या थोडं वर. काचवाला याच भाषेत बोलतो, त्याला मिलिमीटर सांगायला जाऊ नका. टाकीची काच ६ मिलिमीटरची असेल तर तुमची एकेक काच साधारण साडेसतरा बाय सव्वाअकरा इंचांची होईल. पण माझ्या आकड्यावर काच कापून घेऊ नका. आधी पुठ्ठ्याचे दोन साचे कापा, टाकीत ठेवून बघा, दोन्ही हातांनी न अडखळता वर उचलता येतात ना ते बघा, आणि साचाच काचवाल्याच्या हातात द्या.

कुडाळच्या त्या काचवाल्यावर रागावू नका, त्याचं बरोबर होतं. साध्या काचेला आतल्या अंगाला काटकोनी खाच मारली की त्या कोपऱ्यात ताण साठतो आणि काच तिथूनच तडकते. भोक पाडायला वेगळं यंत्र आणि वेगळा हात लागतो. तुम्हाला त्यातलं काहीही नको आहे. काचवाल्याला फक्त सरळ रेषा सांगा. उजव्या काचेचा मागचा बाहेरचा कोपरा दोन इंच तिरका मारून घ्या, त्यातून फिल्टरची नळी आणि वायर जाईल. डाव्या काचेचा पुढचा बाहेरचा कोपरा तसाच तिरका मारा, तिथून खाणं टाकता येईल. काच कापायचा हिरा एकदा सरळ ओढला की काम झालं. नळीच्या कोपऱ्यात बोटभर जागा उरली तर स्पंजचा तुकडा बसवा. मॉलीची पिल्लंसुद्धा फटीतून जातात.

मालवणातच काम व्हायचं असेल तर काचेच्या दुकानापेक्षा स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे कामातून उरलेले तुकडे असतात आणि दीड बाय एक फुटाचा तुकडा त्याला दुसऱ्या कशाला उपयोगी पडत नाही. काच प्लेन मागा. काळसर, हिरवट, आरशासारखी चकाकणारी किंवा बजरीची नको.

जाडी ५ मिलिमीटर. दीड फुटाच्या पल्ल्याला ४ मिलिमीटरचीही चालली असती, पण घरात लहान मुलगा आहे आणि कोकणातल्या घरात मांजर नाही असं सहसा होत नाही. दिव्याखालची काच कोमट होते आणि मांजर तिथेच येऊन बसतं. जाडी ४ वरून ५ झाली की काचेचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो, वजन मात्र पाव पटीनेच वाढतं. तुमच्या एकेका काचेचं वजन पावणेदोन किलोच्या आत राहील. याहून जाड, टेबलावरची ८-१० मिलिमीटरची काच आणू नका, रोज उचलताना हात भरून येईल. आणि फोटोफ्रेमची दोन मिलिमीटरची काच तर कधीच नाही.

ती मी वापरली होती. माझी पहिली टाकी दोन फुटी होती. घरात एका जुन्या तसबिरीची काच पडून होती, मापात बसली, ठेवली. ठेवल्यापासूनच ती मध्ये थोडी खोलगट दिसत होती, मी दुर्लक्ष केलं. एका संध्याकाळी ओल्या हाताने एका कोपऱ्याला धरून उचलली आणि ती हातातच दुभंगली. अर्धी टाकीत गेली, अर्धीने माझ्या उजव्या तळव्यावर अंगठ्याखाली अशी चीर पाडली की पाच टाके घालावे लागले. अजून थंडीत ती जागा आखडते. म्हणून जाडीबद्दल आणि धारेबद्दल मी इतकं बोलतो.

धार म्हणजे कापलेल्या काचेची कड. ती काचवाल्याकडूनच घासून घ्या, चारी बाजू आणि तिरके कोपरेही. तो नुसता दगड फिरवून देईल. घरी आणल्यावर हार्डवेअरच्या दुकानातला काळा, पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्या, २२० नंबरचा आणि मग ४०० चा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा आणि पाणी ओतत-ओतत कड घासा. कोरडं घासू नका, काचेची पूड छातीत जाते. आधी वरची कोर तिरकी घासायची, मग खालची, मग मधली. तळहाताच्या मागच्या बाजूने कड चाचपून बघा, तिथली कातडी पातळ असते, कुठे खरबरीत असेल तर लगेच कळतं. एका काचेला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हे काम मुलाला देऊ नका.

टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच घ्यावी, असं कोणी सुचवेल. फुटली तर तिचे सुरे होत नाहीत, दाणे होतात, हा तिचा मोठा गुण. पण ती भट्टीत जाण्याआधीच मापात कापावी लागते. नंतर एक सूतही कमी करता येत नाही, हिरा लावला की सगळी काच दाणे होऊन खाली येते. माप चुकलं तर पैसे गेले. पहिल्या झाकणाला साधीच घ्या.

ॲक्रिलिकचं म्हणाल तर मी ते आपल्या किनाऱ्यावर सुचवत नाही. ॲक्रिलिक ओलावा पितं. खालची बाजू सतत ओली, वरची कोरडी. ओली बाजू फुगते आणि शीट पापडासारखी वाकते. काचेच्या धारेची भीतीच वाटत असेल तर छपराला लावतात ती पोकळ पॉलिकार्बोनेट शीट बघा. शेडच्या कामातून उरलेला तुकडा फुकटसुद्धा मिळेल. ती कटरने कापता येते, वजनाला हलकी असते, फारशी वाकत नाही. वरून मासे धूसर दिसतात आणि तिच्या नळ्यांमध्ये शेवाळ धरतं, एवढाच तोटा. ज्यांच्याकडे जुन्या खिडकीच्या लूव्हरच्या पट्ट्या पडून आहेत त्यांनी त्या मोजून बघाव्यात. त्यांच्या कडा आधीच घासलेल्या असतात आणि एक फूट रुंदीच्या टाकीवर तीन-चार पट्ट्या शेजारी-शेजारी छान बसतात.

तुकडे चिकटवायला सिलिकॉन लागेल. न्हाणीघरासाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन मिळतं, ते अजिबात नको, त्यातलं औषध पाण्यात उतरतं. ट्यूबवर काचेसाठी किंवा ॲक्वेरियमसाठी असं लिहिलेलं घ्या. लावताना शिरक्यासारखा आंबूस वास येतो तेच. टाकीचं पाणी काठाखाली चार-पाच इंच उतरवा, भिंत फडक्याने पुसा, मग स्पिरिटने पुसा आणि पंख्याखाली अर्धा तास सुकू द्या. बाहेर पाऊस आहे म्हणून थांबायचं कारण नाही, सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊनच घट्ट होतं. काच मात्र कोरडी ठणठणीत हवी. आणि कोपऱ्यातल्या जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, म्हणून तुकडे कोपऱ्यापासून दोन बोटं आत लावा. तुकड्याच्या पाठीला सिलिकॉनचे वाटाण्याएवढे दोन ठिपके, दाबून बसवायचं आणि वरून चिकटपट्टी मारायची. दोन दिवस पंप चालू ठेवा, मच्छरदाणी बांधलेली राहू द्या, आठवडा होईपर्यंत त्यांच्यावर काच ठेवू नका. कोणाला हे जमणार नसेल तर काठावर अडकवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, पण त्यांनी काच उताराला बसत नाही, म्हणून मला त्या तितक्या पसंत नाहीत.

बिजागरी लावू नका. समुद्रावरच्या हवेत लोखंडी बिजागरी एका पावसाळ्यात तांबारते आणि तो गंज टाकीत गळतो. दोन सुट्या काचा सगळ्यात बऱ्या.

आता उन्हाळा. आपल्याकडे झाकणाचं सगळं गणित मे महिन्यात उलटं होतं. माठातलं पाणी गार का होतं? थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. तुमची टाकीही एक माठच आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना इतकी उष्णता नेतं की ८० लिटर पाणी ७ अंशांनी उतरावं. खोलीतून उष्णता परत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात एक-दोन अंशांचाच फरक पडतो, पण मे महिन्यात माशाला तेवढा पुरतो. घाटावरचा माठ जितका गार करतो तितका आपला करत नाही, कारण आपली हवा आधीच दमट. तरी जे मिळतं ते काचेने अडवू नये. ऊन पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम, ३२ अंशांना जेमतेम ७.३.

म्हणून काचा करून घेताना त्याच खिडकीवाल्याकडून त्याच मापाच्या जाळीच्या दोन चौकटी करून घ्या. मच्छर अडवायला खिडकीला लावतात ती फायबरची जाळी, रबरी दोरीने चौकटीत बसवलेली. तांब्याची किंवा पितळी जाळी नको, तांबं माशांना विष आहे. साधारण होळीनंतर काचा काढायच्या, जाळ्या ठेवायच्या, वरून टेबलफॅनचा झोत तिरका सोडायचा. पाणी रोज थोडं उतरेल, ते भरत राहा. पहिला पाऊस लागला की जाळ्या काढून काचा. माझ्या घरी गेली कित्येक वर्षं असंच चाललंय.

पावसाळ्यात काच हवीच, याचं एक कारण उडी मारणारे मासे. दुसरं तुमच्याही लक्षात आलं असेल: दिव्यावर येणारी पाखरं. कौलारू घर असेल तर वरून पडणारा कचरा, पाल, झुरळ. तिसरं कारण मात्र जीवावरचं आहे, ते नीट वाचा.

डास-झुरळांच्या बहुतेक फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात. माणसाला आणि मांजरालाही फरक पडणार नाही इतक्या कणाने मासा मरतो. एका ऑगस्टमध्ये मी स्वयंपाकघरात झुरळांसाठी फवारा मारला. टाकी दुसऱ्या खोलीत, झाकण लावलेलं, म्हणून निर्धास्त होतो. पण एअर पंप स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला होता. तो रात्रभर तीच हवा ओढून पाण्यात सोडत राहिला. पहाटे उठलो तर मासे आडवे होऊन गोल-गोल फिरत होते. दुपारपर्यंत बारापैकी नऊ गेले. तेव्हा फवारा मारायचा असेल किंवा गावात धुराची गाडी येणार असेल तर आधी एअर पंप बंद करा, झाकणाच्या सगळ्या फटींवर ओला टॉवेल टाका, धूर ओसरून खिडक्या उघडल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने टॉवेलची वरची बाजू आत दुमडून तो काढा आणि मग पंप लावा. डासांची अगरबत्ती टाकीच्या खोलीत लावूच नका.

देखभाल फारशी नाही. दर रविवारी काच बाहेर काढून साध्या पाण्याने पुसा, साबण नको. स्वच्छ काचेतून नव्वद टक्के उजेड खाली जातो, क्षार आणि शेवाळ धरलं की टाकीतली झाडं पिवळी पडायला लागतात. बुडबुडे फुटतात तिथे पांढरे डाग पडतील, त्यांवर पिळलेल्या लिंबाची साल घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. दिव्याची ट्यूब काचेवर आडवी ठेवू नका, काठावर पाय असलेली घ्या. तिची वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातच टपकेल, प्लगपर्यंत जाणार नाही.

मुलाला नवे मासे घ्यायचे असतील तर घाई करू नका, झाकण बसून महिना जाऊ द्या. कधी रत्नागिरीला जाणं झालं तर त्याला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय दाखवा. कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र १९५८ पासून आहे.

एक राहिलं: मूठ. काचेला धरायला काही नसेल तर आपण नखाने कड उचकटतो आणि काच निसटते. बाजारातली मूठ आणू नका. त्याच सिलिकॉनच्या दोन थेंबांवर काचेची एक मोठी गोटी बसवा, दोन्ही काचांवर एकेक, मधल्या पट्टीपासून चार बोटं बाहेर. सुरेख पकड येते आणि गंजायला काही नाही. हे काम तुमच्या मुलाचं. गोट्या त्याच्याच असू द्या, कुठली उजवीकडे आणि कुठली डावीकडे हेही त्यालाच ठरवू द्या. फक्त त्याला आधीच सांगा, सात दिवस ओढून बघायचं नाही.